अडीच हजार पुस्तकं, एक स्टॅक आणि मामांची ग्रॅच्युइटी

महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी सहायक ग्रंथपाल आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही आणि ज्यांच्याबद्दल हे आहे त्यांचंही नाही, आमच्याकडे शिपायापासून डायरेक्टरपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणायचे, तेच इथं चालू ठेवते. प्रकरण थोडक्यात असं की मामा निवृत्त होणार होते, म्हणून त्यांच्या ताब्यातल्या जुन्या स्टॅकची (म्हणजे पुस्तकांचे रॅक असलेल्या भागाची) साठा पडताळणी झाली, त्यात अडीच हजारांच्या आसपास पुस्तकं ‘आढळून आली नाहीत’ असं निघालं, आणि लेखा विभागाने ती सगळी मामांच्या नावावर टाकून ग्रॅच्युइटी रोखायची टिपणी तयार केली. बाहेरच्या माणसाला यात दोनच गोष्टी दिसतात, एकतर यानं पुस्तकं विकली किंवा झोपा काढल्या. आत काम करणाऱ्याला अजून डझनभर कारणं दिसत असतात आणि त्यातली निम्मी तो माणूस नोकरीला लागायच्या आधीची असतात. ती यादी आम्ही कशी सोडवली, काय सापडलं, काय नाही सापडलं आणि फाईल शेवटी कुठं पोचली ते सविस्तर लिहिते, कारण असं प्रकरण थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी होतं पण लिहून कोणी ठेवत नाही.

आधी स्टॅकबद्दल

जुना स्टॅक म्हणजे तळमजला आणि त्याखालचं अर्धं तळघर. चाळीसेक हजार पुस्तकं. मराठी, संस्कृत, इतिहास, अर्थशास्त्र, शिवाय विज्ञानाची ती जुनी पुस्तकं जी नव्या इमारतीत न्यायला कोणी तयार नव्हतं. एकूण ग्रंथालय याच्या कितीतरी पट मोठं, पण हा भाग मामांचा. ते परिचर म्हणून लागले, मग ग्रंथालय प्रमाणपत्राचा वर्ग केला, पुढे ग्रंथालय सहायक झाले, मधे मधे दुसऱ्या सेक्शनला गेले तरी दर वेळी फिरून याच स्टॅकला आले कारण दुसरं कोणी खाली बसायला राजी नसायचं (पावसाळ्यात तिथला वास ज्यानं घेतलाय तो कारण विचारणार नाही).

मामांना कॉल नंबर (विषयानुसार पुस्तकाची रॅकवरची जागा सांगणारा आकडा) लागायचा नाही. पीएचडीची पोरं येऊन म्हणायची, मामा ते पेशवाईतल्या शेतसाऱ्यावरचं, लाल बाइंडिंगचं, की मामा उठून आणून द्यायचे. अडचण एवढीच की डोक्यातली माहिती ऑडिटला पुरावा म्हणून जोडता येत नाही.

आता पुस्तकावर नेमकं काय काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोळ कळणार नाही. पुस्तक आलं, बिल तपासलं की ॲक्सेशन रजिस्टरमध्ये नोंद होते आणि त्याला दाखल नंबर मिळतो. हा नंबर त्या एका प्रतीचा, कायमचा. पाच प्रती असतील तर पाच नंबर, आणि पुस्तक फाटलं हरवलं तरी तो नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. मग टायटल पेजच्या मागे शिक्का आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर परत तोच नंबर, त्याला आम्ही गुप्त पान म्हणतो. कुठलं पान ते प्रत्येक ग्रंथालयाचं वेगळं असतं, आमचं कुठलं ते अर्थातच सांगणार नाही. पुस्तक लांबवणारा पहिली दोन पानं फाडतो, मधलं कुठलं फाडायचं ते त्याला माहीत नसतं, म्हणून ही सोय. त्यानंतर वर्गीकरण, स्पाइनवर कॉल नंबरचं लेबल, मागे डेट स्लिप, आणि कॉम्प्युटर आल्यापासून बारकोड. म्हणजे एका पुस्तकाला तीन ओळखी झाल्या, शाईने लिहिलेला दाखल नंबर, स्पाइनवरचा कॉल नंबर आणि चिकटवलेला बारकोड. हे तिघं एकमेकांशी जुळत असले तर सगळं सुरळीत. आमच्याकडे ते जुळत नव्हते.

यादी कशी निघाली

एजन्सीकडून तात्पुरती पोरं आली, हातात स्कॅनर, रॅकमागून रॅक बारकोड मारत गेली. मग डेटाबेसमध्ये या स्टॅकच्या नावावर जेवढी पुस्तकं आहेत त्यातून स्कॅन झालेली वजा, इश्यू असलेली वजा, उरली ती गहाळ. वजाबाकी बरोबर होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तिनं गृहीत धरलं होतं की डेटाबेस बरोबर आहे, बारकोड ज्याचा त्याच पुस्तकावर आहे आणि पुस्तक डेटाबेस म्हणतो तिथंच उभं आहे. खाली बसणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की यातलं काहीच धरून चालू नका. पण कोणी विचारलं नाही, एक्सेलची प्रिंट सही होऊन वर गेली आणि कागद एकदा वर गेला की खाली येऊन तपासायला कुणाला वेळ नसतो.

मामांना यादी दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा लावून दोन-तीन पानं उलटली आणि एवढंच म्हणाले, “मॅडम, अडीच हजार पुस्तकं न्यायला टेम्पो लागतो. मी सायकलवर येतो.”

डायरेक्टर सरांनी (२०१६ च्या विद्यापीठ कायद्यापासून पद संचालक, ज्ञानस्रोत केंद्र असं झालंय, पाटी नवीन आली, खुर्ची तीच आहे) मला आणि दोन सहकाऱ्यांना सांगितलं की यादी एकदा आपण तपासू. महिनाअखेरीला मामा निवृत्त झाले, श्रीफळ शाल झालं, भाषणं झाली, आणि दुसऱ्या आठवड्यात ते डबा घेऊन परत हजर. बिनपगारी. त्यांना यायला लागणं हेच मला पटत नव्हतं पण ते नसते तर आमचं काम पुढे सरकलं नसतं हेही खरं.

शोधाशोध

यादी दाखल नंबराच्या क्रमाने होती. आम्ही ती आधी कॉल नंबरनुसार लावून बघितली, मग रजिस्टरच्या तारखेनुसार, मग विभागाच्या शिफारशीनुसार, आणि लगेच दिसलं की नावं विखुरलेली नाहीयेत, गठ्ठ्यागठ्ठ्याने आहेत. चोर काही एकाच रजिस्टरातली दीडशे पुस्तकं ओळीने नेत नाही.

सगळ्यात मोठा गठ्ठा डेटा एन्ट्रीचा निघाला. जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवली तेव्हा ते काम बाहेर दिलं होतं, दर नोंदीमागे पैसे, त्यामुळे एन्ट्री करणाऱ्याचा सगळा भर वेगावर. दाखल नंबरातले दोन आकडे इकडचे तिकडे झाले की एक पुस्तक जन्माला येतं जे कधी अस्तित्वातच नव्हतं, आणि खरं पुस्तक असतं त्याला नोंदच नसते. मराठी पुस्तकांचं अजून वाईट. ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, सॉफ्टवेअर बदललं तेव्हा त्या नोंदींचा चिखल झाला, स्क्रीनवर नुसते चौकोन आणि कंस. मग कुणीतरी बऱ्याच नोंदी नव्याने रोमन लिपीत केल्या, जुन्या मात्र काढल्या नाहीत. रोमनमध्ये ज्ञानेश्वरीचं स्पेलिंग कोणी जे लावून करतं कोणी डी, त्यामुळे सर्च करून डुप्लिकेटही सापडत नाही. तर एका पुस्तकाच्या दोन नोंदी, एकीला बारकोड आहे एकीला नाही, आणि बिनबारकोडची नोंद गहाळांच्या यादीत. हे पकडायचा उपाय एकच, रॅकवर जाऊन पुस्तक हातात घ्यायचं, गुप्त पान उघडायचं आणि शाईचा नंबर यादीशी ताडायचा. एकेक पुस्तक. बोटं काळी होतात, नाक गळायला लागतं, आणि जेवायच्या सुट्टीत कुणी विचारलं की दिवसभर काय केलंस तर सांगता येत नाही.

दुसरा गठ्ठा बाइंडिंगचा. पूर्वी बाइंडिंगचे पैसे वाचवायला दोन-तीन बारीक भाग एकत्र शिवून घ्यायची पद्धत होती, संस्कृतच्या छोट्या पोथीवजा आवृत्त्या, सरकारी अहवाल, व्याख्यानमालांच्या पुस्तिका वगैरे. पुठ्ठा एक, आत दाखल नंबर तीन, बारकोड एक. म्हणजे दोन गहाळ. हे कळल्यावर मामा म्हणाले थांबा, आणि तळघरातल्या कुठल्या रॅकवर अशी शिवलेली पुस्तकं आहेत ते न बघता सांगत गेले, आम्ही नुसतं लिहून घेत होतो. शिवाय बाइंडरकडून आलेल्या पुस्तकांचं लेबल नवं लावताना कॉल नंबर चुकलेला असतो ते वेगळंच. ५१९.५ म्हणजे संख्याशास्त्र आणि ५९१.५ म्हणजे प्राण्यांचं वर्तन. संख्याशास्त्राची बरीच पुस्तकं आम्हाला माकडं आणि मुंग्यांच्या शेजारी मिळाली. तसंच ३३० अर्थशास्त्र, ३०३ समाजशास्त्राकडचं. पुस्तक जागेवरून हललं की ते हरवल्यातच जमा, कारण वाचणारा ज्या रॅकवर बघणार तिथं ते नाहीये, आणि ज्या रॅकवर आहे तिथं त्याला हवं असलेलं कोणी येत नाही.

काही हलवाहलवी मुद्दाम केलेली. एमपीएससीची पोरं हे काम फार पद्धतशीर करतात. पुस्तक एक, मागणारे पन्नास, घरी न्यायला कार्ड शिल्लक नाही, मग ते अशा ठिकाणी सरकवून ठेवायचं जिथं आपल्याशिवाय कोणी जाणार नाही. आमच्याकडे ती जागा म्हणजे हस्तलिखितांच्या जुन्या सूच्यांचे जाड खंड, त्यांच्या मागे राज्यशास्त्र, भूगोल, पंचायतराज असं सगळं व्यवस्थित रांगेत लावलेलं, एकात तर बुकमार्क म्हणून हॉल तिकिटाची झेरॉक्स. मला या पोरांचा राग येत नाही खरं सांगायचं तर, दोन प्रती जास्त घेतल्या असत्या तर त्यांनी लपवलं नसतं.

विभागांकडची पुस्तकं हा प्रकार मात्र डोक्याला ताप होता. कॉम्प्युटरच्या आधी विभागप्रमुखाच्या एका पत्रावर शे-दीडशे पुस्तकं विभागाच्या कपाटात कायमची जायची, त्याची नोंद एका वेगळ्या रजिस्टरमध्ये. विभागप्रमुख पाळीपाळीने बदलतात, कपाटाचा चार्ज कोणी कुणाला देत नाही. रजिस्टर बगलेत मारून आम्ही विभाग फिरलो. एका ठिकाणी पुस्तकं आहेत म्हणे पण यादी देणार नाही, दुसऱ्या ठिकाणी यादी आहे पण पुस्तकांवर प्रिंटर ठेवलाय, आणि एका ठिकाणी कपाट विभागाचं, किल्ली निवृत्त सरांकडे, आणि सर मुलीकडे बंगळुरूला. सरांना फोन केला, फार चांगलं बोलले, म्हणाले कुलूप तोडा, पण तोडायचं तर लेखी परवानगी कोण देणार यावर पंधरवडा गेला. कपाट उघडलं तेव्हा आत एका पूर्ण पानाएवढी नावं मिळाली, सगळी जशीच्या तशी, काहींची तर पानं कापलेलीसुद्धा नव्हती.

पोती

इथपर्यंत यादी निम्म्याच्या खाली आली होती पण पुढे सरकेना. राहिलेल्यात अर्थशास्त्र आणि इतिहासाचा एक सलग पट्टा होता, तळघरातल्या भिंतीलगतच्या रॅकचा. आम्ही मामांना विचारलं तर ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “ती माळ्यावर आहेत.”

झालं असं होतं की बऱ्याच वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात त्या भिंतीतून पाणी झिरपलं, सुट्टीचे दिवस होते, उघडून बघेपर्यंत खालचे दोन खण भिजले आणि पाठोपाठ वाळवी लागली. अशा पुस्तकांचं नियमाने निर्लेखन करायचं असतं, म्हणजे यादी करायची, समिती बघणार, मंजुरी मिळणार, मग रजिस्टरमध्ये लाल शाईने नोंद आणि मगच रद्दी. पण निर्लेखनाच्या कागदावर सही कोण करणार? ज्याची सही त्याला ऑडिट विचारणार की भिजलीच कशी. त्यामुळे तेव्हाच्या वरिष्ठांनी तोंडी सांगितलं की टाकून द्या, वास येतोय. मामांनी टाकली नाहीत. सुकवून, पोत्यात भरून, प्रत्येक पोत्याला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर रॅक आणि खण लिहून जिन्यावरच्या माळ्यावर चढवली आणि तिथंच ठेवली. कशाला ठेवली विचारलं तर म्हणाले, “रजिस्टरला नंबर आहे ना मॅडम त्याचा. पुस्तक गेलं तरी नंबर जात नाही. आज ना उद्या कोणी मागणारच.”

पोती खाली उतरवली. आत जे होतं त्याला पुस्तक म्हणणं जड जावं, काहींचं पार लाकूड झालेलं, काहींना वाळवीने आरपार भोकं पाडलेली, हात लावला की भुगा. पण मधली पानं बऱ्याच वेळा शाबूत. गुप्त पानावर जुनी निळी-काळी शाई, नंबर वाचता येतोय. आम्ही वर्तमानपत्रं अंथरून व्हरांड्यात बसलो, मामा सुतळ्या सोडत होते, एक जण नंबर वाचायचा, मी टिक करायचे. एका पोत्यातून चाळीसेक नंबर मिळाले की पुढचं. ज्या पुस्तकांसाठी त्या माणसाची ग्रॅच्युइटी अडकली होती ती त्यानं स्वतःच इतकी वर्षं जपून ठेवली होती, आणि ती त्याला दाखवता येत नव्हती कारण दाखवली तर वरिष्ठांचं तोंडी सांगणं उघडं पडलं असतं. हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, मीच जोडलं.

पोत्यांनंतर यादीत तीनशेच्या आत नावं राहिली. यातली काही खरोखर चोरीला गेलेली असणार. मोठे शब्दकोश, चित्रकलेची रंगीत पुस्तकं, काही किमती संदर्भग्रंथ. मागच्या खिडकीला पूर्वी जाळी नव्हती आणि खिडकीखाली हिरवळ, तिथून पुस्तक खाली टाकायचं आणि दारातून रिकाम्या हाताने बाहेर पडायचं हे सगळ्यांना माहीत होतं, जाळी बसली तेव्हापासून ते थांबलं. काही नावं अशी की पुस्तक घेणारा विद्यार्थी नो ड्यूज न घेताच निघून गेला, जुन्या कार्डांच्या काळातलं, आता कार्डही नाही आणि विद्यार्थीही नाही.

नियमाचं भांडण

आता लेखा विभाग. त्यांच्या बाजूनेही बघायला हवं, स्थानिक निधी लेखापरीक्षेचा आक्षेप आला की उत्तर त्यांना द्यावं लागतं. त्यांनी केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांचा, म्हणजे जीएफआर २०१७ चा दाखला दिला. ते केंद्र सरकारचे नियम, राज्य विद्यापीठाला थेट लागू नाहीत, पण पुस्तकांच्या बाबतीत देशभर सगळे त्याच्याकडेच बोट दाखवतात. त्यातला नियम २१५. हजारामागे पाच पुस्तकांपर्यंतचं नुकसान वाजवी धरायचं. लेखा विभागाने हिशोब मांडला, स्टॅकमध्ये चाळीस हजार, हजारामागे पाच म्हणजे दोनशे, त्यावरच्या सगळ्या पुस्तकांची वसुली.

पण नियम वाचला तर हजार कशाचे ते त्यात स्पष्ट लिहिलंय, वर्षभरात इश्यू झालेले किंवा ग्रंथालयात बसून पाहिलेले खंड. साठ्याचे हजार नव्हेत, वापराचे हजार. आणि दर वर्षाचे. समजा एखाद्या स्टॅकमधून वर्षाला दहा हजार वेळा पुस्तकं हातात घेतली गेली तर वर्षाला पन्नास पुस्तकांचं नुकसान वाजवी, दहा वर्षांचं पाचशे. हे बरोबरच आहे ना, जिथं पुस्तकं जास्त वापरली जातात तिथं ती जास्त झिजणार, जास्त हरवणार. कुलूपबंद कपाटातलं पुस्तक हरवत नाही, पण मग विद्यापीठाने ते घेतलं कशाला. अर्थात नियमाला अटी आहेत, नुकसान अप्रामाणिकपणामुळे किंवा हलगर्जीमुळे झालेलं नसावं, आणि हजार रुपयांवरचं पुस्तक किंवा कुठल्याही किमतीचं दुर्मिळ पुस्तक हरवलं तर चौकशी करायचीच. आज इंजिनिअरिंगचं परदेशी टेक्स्टबुक सहज हजाराच्या वर जातं त्यामुळे ही मर्यादा आता फारच खाली राहिलीय, पण आहे ती आहे.

त्याच नियमात पडताळणीचंही आहे. वीस हजार खंडांपर्यंत दरवर्षी पूर्ण, वीस ते पन्नास हजार असतील तर तीन वर्षांतून एकदा पूर्ण, आणि पन्नास हजारांच्या वरच्या ग्रंथालयाने तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी करायची, त्यात काही विचित्र तूट दिसली तरच पूर्ण. आमचं ग्रंथालय तिसऱ्या प्रकारात. नमुना पडताळणी वर्षानुवर्षं झालेलीच नव्हती, आणि झाली ती एकदम एका माणसाच्या निवृत्तीच्या तोंडावर, फक्त त्याच्याच स्टॅकची. पडताळणी ही ग्रंथालयाची तब्येत बघायला असते, आमच्याकडे ती जाणाऱ्या माणसाची झडती झाली होती, असं मी टिपणीत लिहिलं होतं, डायरेक्टर सरांनी ते वाक्य खोडलं. बरोबरच केलं असेल.

पण निर्णायक ठरला तो एक पिवळा पडलेला कागद. मामांनी या स्टॅकचा चार्ज घेतला तेव्हाचा. त्यावर एक ओळ, ‘स्टॅक ताब्यात घेतला’, खाली दोन सह्या. यादी नाही, संख्या नाही. म्हणजे त्यांना किती पुस्तकं दिली होती हेच विद्यापीठाला सांगता येत नव्हतं. मग किती कमी झाली ते कशावरून ठरवणार? हे प्रकरण बघणाऱ्या समितीच्या बैठकीत हा कागद ठेवला तेव्हा वित्त अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला, आणि त्यानंतर चर्चेचा सूर बदलला.

एस. आर. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्यांनी वाचकांना थेट रॅकपर्यंत जाऊ दिलं, १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच, पुस्तकं वापरासाठी असतात. आमच्या प्रत्येक परीक्षेत ते पाठ करून लिहितो. नोकरीला लागल्यावर मात्र पहिल्याच आठवड्यात सीनियर सांगतात की बाई, पुस्तक वाचलं गेलं नाही तर कोणी विचारणार नाही, हरवलं तर पगारातून कापतील. एका कॉलेजमध्ये मी बघितलंय, नवी पुस्तकं आली की दाखल करून थेट काचेच्या कपाटात, किल्ली ग्रंथपालांच्या पर्समध्ये, आणि त्या बाईंना मी दोष देऊ शकत नाही. फाटकी पुस्तकं काढून टाकायची नाहीत, चांगली बाहेर ठेवायची नाहीत, असं वागलं की नोकरी सुखरूप पार पडते. वाळवी लागलेली पोती माळ्यावर जातात ती याच भीतीने.

पुढे काय झालं

समितीने यादीचे भाग केले. सापडलेली, दुबार किंवा चुकीची नोंद असलेली, विभागांकडे असलेली, खराब झालेली म्हणजे निर्लेखनास पात्र, आणि खरोखर न सापडलेली. शेवटची तीनशेच्या आतली संख्या वाजवी मर्यादेत धरली, त्यातली हजारावरची आणि दुर्मिळ मोजकी पुस्तकं वेगळ्या चौकशीला. मामांकडून एक हमीपत्र घेतलं की चौकशीत काही निघालं तर ते भरतील, आणि ग्रॅच्युइटी सोडली. निवृत्तीनंतर कित्येक महिन्यांनी. हमीपत्र घ्यायची गरज नव्हती असं माझं मत आजही आहे, पण फाईल पुढे सरकायला काहीतरी सही लागते.

स्टॅकमध्ये थोडे बदल केले. संध्याकाळी टेबलांवर पडलेली पुस्तकं आता जागेवर लावायच्या आधी स्कॅन होतात, कोहामध्ये (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) इश्यू नसलेलं पुस्तक रिटर्नला मारलं तर ते बसल्या जागी वापरलं गेलं अशी नोंद ठेवायची सोय आहे, तिचा उपयोग करतो. वापराचा आकडाच नसेल तर पुढच्या वेळी नियम २१५ वाचून दाखवून काय उपयोग. उन्हाळ्याच्या सुट्टीत काही रॅक निवडून नमुना पडताळणी चालू केलीय. चार्ज देताना प्रत्येक रॅकची प्रिंट जोडतो, नवीन मुलं कंटाळतात, कंटाळू देत. मधे आरएफआयडीचा, म्हणजे प्रत्येक पुस्तकात रेडिओ लहरींनी ओळखता येणारा टॅग लावायचा प्रस्ताव आला होता, गेट बसेल, चोऱ्या थांबतील वगैरे, मी विरोधात होते कारण आमच्या यादीत चोऱ्या होत्या किती? चुकीच्या नोंदीवर महागडा टॅग चिकटवला तर चुकीची नोंद महाग होते एवढंच. जर्नल्सची चिंता तशी कमी झालीय, १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना आली, इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांसाठीच्या केंद्रीय संस्थेमार्फत हजारो जर्नल्स ऑनलाइन मिळतात, आणि त्यांना वाळवी लागत नाही.

राहिली पोती. त्यांच्या निर्लेखनाला समितीने तत्त्वतः मंजुरी दिली, मग प्रस्ताव लेखा विभागात गेला आणि तिथून शेरा मारून परत आला की रद्दीत देण्यापूर्वी प्रत्येक ग्रंथाचं दाखल क्रमांक असलेलं पान पुरावा म्हणून काढून नस्तीला जोडावं व ते साक्षांकित असावं. त्यामुळे सध्या दुपारी चारनंतर व्हरांड्यात आमच्यातले दोघं जण बसून भुगा झालेल्या पुस्तकांतनं गुप्त पानं सोडवतायत, काही पानं हातातच तुटतात, ती सेलोटेप लावून कागदावर चिकटवायची, आणि प्रत्येकावर सही माझी. अर्थशास्त्राची पोती संपलीत, इतिहासाची अजून बाकी आहेत.